गळ, प्रतिध्वनी आणि स्पर्धेचा कायदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास या संस्थानातील लेक फोर्क नावाच्या जलाशयावर 2024 च्या फेब्रुवारीत गळाने मासे धरण्याची चार दिवसांची जी स्पर्धा झाली, तीत ट्रे मॅकिनी नावाच्या अवघ्या 19 वर्षांच्या तरुणाने वीस माशांचे मिळून 130 पौंड 15 औंस वजन भरवले आणि बासमास्टरच्या वरच्या व्यावसायिक मालिकेतील सर्वांत लहान विजेता म्हणून आपले नाव नोंदवून घेतले. त्याच्या पाच वर्षे आधी, म्हणजे 2019 मध्ये, याच मालिकेतील फ्लॉरिडातल्या सेंट जॉन्स नदीवरची स्पर्धा रिक क्लन यांनी जिंकली होती. आणि त्या दिवशी त्यांचे वय होते 72. एरवी तरुणांनी वृद्धांना मागे सारावे यात कोणाला दचकण्यासारखे काही नाही, कारण ती जगाची रीतच आहे. परंतु या खेळात आजवर पिकल्या केसांना जो मान होता, तो एकाएकी का उतरला, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी बोट दाखवले ते तरुणांच्या मनगटाकडे नव्हे, तर त्यांच्या होडीच्या नाळेवर बसवलेल्या एका चकाकत्या पडद्याकडे. पाण्याखालचा मासा पोहत असताना, त्याच क्षणी, दाखवणारे हे सोनार यंत्र 2018 साली बाजारात आले; आणि तेव्हापासून त्या देशातील गळवाल्यांच्या जगात जो कज्जा सुरू आहे, त्याची कैफियत दोन्ही बाजूंनी ऐकण्याजोगी आहे.

या स्पर्धांत धरला जाणारा बास हा मासा आपल्या बाजारात दिसत नाही, तेव्हा त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा अशा त्याच्या दोन मुख्य जाती. पहिला हिरवट, कुशीवर काळसर पट्टा असलेला, बुंध्यांच्या, पाणवनस्पतींच्या आणि धक्क्याच्या खांबांच्या आडोशाला दबा धरून बसणारा आणि समोरून जाणारा लहान मासा, बेडूक किंवा खेकड्याच्या कुळातला एखादा जीव दिसताच तोंड वासून झडप घालणारा शिकारी. गळाला लागल्यावर तो पाण्याबाहेर उसळी मारतो, डोके झाडतो, आणि खाण्यापेक्षा झुंजण्यासाठीच त्याची ख्याती अधिक. अलाबामातील रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या गृहस्थाने 1967 साली आर्कान्सामधील बीव्हर लेक या जलाशयावर या माशाची पहिली मोठी स्पर्धा भरवली, पुढल्या वर्षी या शौकिनांची 'बास' याच नावाची संघटना उभारली, आणि 1971 मध्ये निवडक 24 स्पर्धकांना विमानात बसवून, विमान आकाशात गेल्यावरच स्पर्धेचे स्थळ नेवाडातील लेक मीड असल्याचे सांगितले. हेतू असा, की कोणी आधी जाऊन पाणी हेरून ठेवू नये. त्या 'बासमास्टर क्लासिक'चे 10,000 डॉलरचे बक्षीस बॉबी मरे यांना मिळाले.

ही विमानाची हकिकत केवळ गमतीची नव्हे. स्कॉट हा मुळात विक्रेता असला, तरी त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की निव्वळ मासे धरणे हा उद्योग आहे आणि काही साधने स्वेच्छेने बाजूला ठेवून मासे धरणे हा खेळ आहे. म्हणून त्याच्या स्पर्धांत जिवंत आमिषाला मज्जाव, मासा उचलण्यासाठी हातजाळे वापरण्यास मज्जाव. दिवसाच्या वजनासाठी मासे मोजकेच, तेही ठरलेल्या लांबीचे. आणि 1972 पासून मासा जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडण्याचा शिरस्ता, तो इतका कडक, की वजनाच्या वेळी मासा मेलेला निघाला तर स्पर्धकाच्या वजनातून दंड वजा होतो. हे सर्व निर्बंध मान्य करून पट्टीचा गळवाला जे दाखवत असे, ते म्हणजे पाण्याचे ज्ञान. धरणाखाली बुडालेला जुना नदीचा काठ कोठे आहे, वाऱ्याने कोणत्या कोपऱ्यात चारामासा लोटला असेल, पाण्याचे तापमान दोन अंशांनी उतरल्यावर बास उथळ सोडून किती खोल जाईल, वसंतात नर कोणत्या रेताड खळग्यात घरटे राखत बसेल, या सगळ्यांचे अनुमान बांधून न दिसणाऱ्या जागी गळ टाकावयाचा. नॉर्थ कॅरोलायनाच्या बक पेरी यांनी तळाच्या चढउतारांवरून माशांचा माग काढण्याचे शास्त्रच गेल्या शतकाच्या मध्यास घालून दिले, आणि पुढच्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या.

आता या ज्ञानाला ज्या यंत्राने शह दिला, त्याची वंशावळ पाहू. पाण्यात ध्वनी किती वेगाने जातो, याचे पहिले भरवशाचे मोजमाप 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरावर झाले. दानियेल कोलादों आणि शार्ल स्टुर्म या दोघांनी दूरदूर होड्या उभ्या करून एकीकडे पाण्यात बुडवलेली घंटा वाजवली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवला, आणि दुसऱ्या होडीत पाण्यात सोडलेल्या कर्ण्याला कान लावून, भडका दिसल्यापासून घंटानाद ऐकू येईपर्यंतचा अवधी मोजला. 8 अंश तापमानाच्या त्या पाण्यात वेग भरला सेकंदाला सुमारे 1435 मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्तांची जहाजे बुडवण्यास सुरुवात केली, तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी गारगोटीच्या स्फटिकाला विजेचे झटके देऊन त्यातून मनुष्याच्या कानाला न ऐकू येणारा नाद पाण्यात सोडला आणि पाणबुडीवरून परतलेला त्याचा प्रतिध्वनी टिपला. दाबाने वीज उत्पन्न होते आणि विजेने स्फटिक आकसतो-फुगतो, हा जो गुण क्युरी बंधूंनी 1880-81 मध्ये दाखवून दिला होता, त्याचा हा पहिला मोठा विनियोग. युद्धाचे हे हत्यार मासे शोधण्याच्या कामी लावण्याची कल्पना पुढे ओघानेच आली. आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्स यांनी एका माणसाला हातात उचलून होडीत ठेवता येईल असा प्रतिध्वनियंत्राचा लहानसा डबा तयार केला. त्याच्या तबकडीवर तळाच्या खोलीच्या जागी एक दिवा लुकलुके, आणि मध्येच दुसरी लुकलुक झाली तर ती माशाची असू शके.

त्या डब्याविरुद्धही त्या काळी कुरकुर झाली. पुढे कागदावर रेघा काढणारी यंत्रे आली, काचेचे पडदे आले, उपग्रहांवरून होडीची जागा सांगणारे नकाशे आले, 2005 मध्ये होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ छायाचित्रासारखा दाखवणारे यंत्र आले. आणि प्रत्येक वेळी थोडी खळखळ होऊन खेळाने ते पचवले. मग याच वेळी एवढा गहजब का? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे, आणि ते जरा सविस्तर समजून घेतले पाहिजे.

जुने यंत्र एकच नाद खाली सोडीत असे. होडी जसजशी पुढे जाई तसतशी एकेक उभी रेघ पडद्यावर जोडली जाई, आणि जे चित्र दिसे तो होडी जेथून गेली त्या पाण्याचा इतिहास असे. मासा दिसला याचा अर्थ तो काही क्षणांपूर्वी तेथे होता, इतकाच. नव्या यंत्राच्या पाण्यातल्या डोक्यात एक नव्हे तर लहान लहान अनेक स्फटिकांची पंगत असते. त्या प्रत्येकाला सेकंदाच्या लक्षांश भागाइतका मागेपुढे झटका दिला, की त्यांच्या लहरी परस्परांत मिसळून ठरावीक दिशेलाच जोर धरतात. काहीही न हलवता दिशा बदलता येते, आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींची अशीच सांगड घालून कोणती लहर कोणत्या कोनातून आली ते गणिताने निवडता येते. गार्मिन कंपनीच्या पहिल्या यंत्राचा हा पंखा पुढून खालपर्यंत सुमारे 135 अंश पसरतो आणि जाडीने अवघा 20 अंश असतो. म्हणजे होडीच्या समोरच्या पाण्याचे जणू उभे छेदचित्रच. नादाची आवर्तने सेकंदाला पाच लाख तीस हजारांपासून अकरा लाखांपर्यंत. दहा लाख आवर्तनांना लहरीची लांबी पडते दीड मिलिमीटर, आणि लहर जितकी आखूड तितका तपशील बारीक. साठ फुटांवरच्या माशापर्यंत जाऊन परत येण्यास त्या नादाला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. त्यामुळे पडद्यावरचे चित्र सेकंदातून अनेकदा नवे होते आणि डोळ्यांना ते चालते-बोलते वाटते. माशाच्या मांसाची घनता पाण्याहून फारशी वेगळी नाही. परंतु त्याच्या पोटातली हवेची पिशवी नादाला भिंतीसारखी परतवते, म्हणून मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेमुळे.

माशाला हा नाद ऐकू येतो काय, अशी शंका पुष्कळांनी काढली आहे. बासची श्रवणशक्ती शेकडो आवर्तनांच्या टप्प्यातली आहे. अमेरिकन शॅड हा मासा मात्र एक लाख ऐंशी हजार आवर्तनांपर्यंत ऐकू शकतो, असे 1997 मध्ये दिसून आले, आणि ते डॉल्फिनच्या शिकारी नादापासून बचावासाठी असावे असा तर्क आहे. तरीही पाच लाखांचा आकडा त्याच्याही कानाच्या पुष्कळ वर राहतो.

आता होडीच्या नाळेवर उभ्या असलेल्या स्पर्धकाकडे जरा जवळून पाहू. त्याचा एक पाय विजेच्या लहान मोटारीच्या पायटीवर आहे. मोटारीच्या दांड्यालाच यंत्राचे डोके बांधलेले असल्याने पाय फिरेल तसा पंखा फिरतो. पडद्यावर निळसर-काळ्या पाण्यात चाळीस फुटांवर, बारा फूट खोल, तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका थबकलेला दिसतो. स्पर्धक गळ टाकतो. गळाला आहे शिशाचे लहान डोके असलेला रबरी मासा, बोटभर लांबीचा. पाण्यात पडताच त्याचीही एक बारीक रेघ पडद्यावर तिरकी उतरू लागते. ती ठिपक्याच्या डोक्यावरून, अंमळ वरून गेली पाहिजे, कारण बासचे डोळे वर पाहण्यास सोयीचे आहेत आणि खालून गेलेल्या आमिषाकडे तो सहसा ढुंकून पाहत नाही. ठिपका हलतो, वर चढतो, रेघेच्या मागे लागतो. काठीचे टोक थरथरवावे की थांबवावे? थांबवले, आणि ठिपका वळून खाली गेला. पुन्हा फेक, या खेपेस हलके आमिष, वेग थोडा अधिक. हे दिवसभर चालते, आणि या सबंध वेळात त्या माणसाची नजर आकाशाकडे, काठाकडे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाकडे क्वचितच जाते. घरबसल्या स्पर्धा पाहणाऱ्यांची मोठी तक्रार हीच, की पडद्यावर पडद्याकडे पाहणारा माणूस पाहण्यात रस तो कसला.

तक्रारदारांची बाजू तेवढ्यावरच संपत नाही. त्यांचे म्हणणे, की मासा शोधणे हा या विद्येचा निम्माशिम्मा नव्हे तर मोठा भाग होता, आणि तोच यंत्राकडे सोपवून दिल्यावर उरते ती हस्तचापल्याची कसोटी. तीस वर्षे जलाशय पालथे घालून मिळवलेले अनुमानाचे भांडवल, पडद्यापुढे वाढलेल्या पोराच्या एका हंगामापुढे मातीमोल होते. शिवाय एक यंत्र, त्याचा पडदा आणि वीजघट मिळून खर्च काही हजार डॉलरांच्या घरात. आणि काहींनी तर नाळेवर दोन-दोन यंत्रे आणि पडद्यांची भिंतच उभारली. यंत्रवाल्यांचे उत्तरही तितकेच ठाम आहे. मासा दिसणे आणि मासा गळाला लागणे यांत महदंतर आहे. दिसणाऱ्या दहा माशांपैकी तोंड घालणारे थोडेच, आणि कोणता मासा खाण्याच्या मनःस्थितीत आहे हे त्याच्या हालचालीवरून ओळखणे हेही ज्ञानच होय. यंत्र सर्वांनाच विकत मिळते, त्यात लपवाछपवी नाही. आणि 1959 चा डबा कुरकुरत का होईना पचवणाऱ्यांनी 2018 च्या डब्याला हरकत घ्यावी, हा कोणता न्याय?

या वादात आकड्यांचा दाखला दिला जातो, पण तो जपून दिला पाहिजे. मॅकिनीचे 130 पौंड 15 औंस हे डोळे दिपवणारे खरे. परंतु वीस माशांचा जो विक्रम मोडण्याच्या तो इतका जवळ आला होता, तो 132 पौंड 8 औंसांचा विक्रम पॉल इलायस यांनी टेक्सासच्याच फॉल्कन सरोवरावर 2008 मध्ये केला होता, म्हणजे असले यंत्र जन्माला येण्याच्या दहा वर्षे आधी. यंत्राच्या युगातला तरुण एक पौंड नऊ औंसांनी कमी पडला. तेव्हा पुष्कळ मोठे मासे असलेले पाणी आणि अनुकूल आठवडा यांना पर्याय नाही. मात्र दुसऱ्या पारड्यात 2025 ची क्लासिक टाकावी लागते. टेक्सासच्या लेक रे रॉबर्ट्सवर 22 वर्षांच्या ईस्टन फॉदरगिल याने तीन दिवसांत 76 पौंड 15 औंस भरवून, दिवसाला पाच माशांच्या मर्यादेतला त्या स्पर्धेचा उच्चांक गाठला.

गंमत अशी, की हेच इलायस यापूर्वीच्या अशाच एका कज्ज्याचे नायक आहेत. 2011 च्या ऑक्टोबरात अलाबामातील गंटर्सविल जलाशयावर त्यांनी एकाच दोरीला छत्रीच्या काड्यांसारख्या तारा जोडून पाच आमिषे लटकवणारे साधन वापरले आणि स्पर्धा जिंकली. लहान माशांचा थवाच पाण्यात चालल्याचा तो देखावा बासला मोहून टाकी. काही महिन्यांतच बासमास्टरच्या वरच्या मालिकेत त्या साधनाला मनाई झाली. तेही सर्वांना विकत मिळत होते, त्याचीही लपवाछपवी नव्हती. आपल्या वाचकांना क्रिकेटमधला दाखला अधिक जवळचा वाटेल: 1979 च्या डिसेंबरात पर्थच्या मैदानावर डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा तिला मज्जाव करणारा कायदाच पुस्तकात नव्हता, तो नंतर झाला आणि बॅटचे पाते लाकडाचेच हवे असे ठरले. लिलीची बॅट फार चांगली होती म्हणून ती गेली असे नाही. खेळ काय मोजतो हे ठरवण्याचा अधिकार खेळाच्या मंडळींकडे असतो, आणि तो वापरताना साधन वाईट असल्याचे सिद्ध करण्याची त्यांच्यावर सक्ती नसते.

माशांच्या हिताचा प्रश्न निराळा, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. बासच्या सर्वच टोळ्या काठाशी राहत नाहीत; काही मोठे मासे शॅडच्या थव्यांमागे उघड्या खोल पाण्यात अधांतरी फिरत असतात. ना बुंधा, ना खडक, ना खूण. अनुमान बांधावे कशावरून? त्यामुळे हे मासे गळवाल्यांच्या हाती जवळजवळ लागतच नसत, आणि जलाशयातल्या जुन्या, थोराड माद्यांना तेथे आयतेच अभय मिळे. नव्या यंत्राने हे अभयारण्य खुले केले. स्पर्धेतला मासा सोडून दिला जातो हे खरे. पण खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी दाब उतरताच फुगते, तो पालथा तरंगू लागतो, आणि मग सुई टोचून ती हवा काढण्याची पाळी येते. शिवाय यंत्र स्पर्धकांपुरते राहत नाही. शनिवार-रविवारचा हौशी गळवालाही ते घेतो, आणि तो मासे तळून खातो.

कोकण किनाऱ्यावर अशाच तऱ्हेचा वाद आपण पाहतो, पण त्याचा पाया वेगळा आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने 2016 मध्ये घातलेले निर्बंध आणि प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये घातलेली बंदी, यांच्या मागे पारंपरिक मच्छीमाराच्या चुलीचा प्रश्न उभा होता. अमेरिकेतल्या गळवाल्याची चूल या माशावर पेटत नाही. तेथे पणाला लागली आहे ती बक्षिसाची रक्कम, प्रतिष्ठा आणि एका विद्येचे भवितव्य. म्हणून त्या वादाला न्याय लावतानाही खेळाचेच माप लावले पाहिजे.

संघटनांनी निवाडा दिला तो तीन तऱ्हांचा. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीग या संस्थेने 2025 च्या हंगामापासून स्पर्धेत हे यंत्र सरसकट बंद केले. बासमास्टरच्या वरच्या मालिकेने त्याच हंगामासाठी एका होडीवर एकच थेट यंत्र आणि सर्व पडद्यांची मिळून मोजणी 55 इंचांच्या आत, अशी अट घातली. त्यामुळे मासे मोजणाऱ्या पंचांना पडदेही मोजावे लागले. मेजर लीग फिशिंगच्या बास प्रो टूरने 2025 च्या हंगामासाठी तिसरी वाट काढली: स्पर्धेचा दिवस तीन सत्रांचा, त्यांपैकी कोणत्याही एकाच सत्रात यंत्र वापरण्याची मुभा, आणि ते कोणते हे स्पर्धकाने स्वतः ठरवावयाचे.

या तिन्हींत मला तिसरा तोडगा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. इंचांची अट खर्च थोडा आवरते, खेळ बदलत नाही. सरसकट बंदी तरुणांनी मेहनतीने कमावलेल्या विद्येला चोरीचा माल ठरवते, आणि ते अन्यायाचे आहे. एका सत्राची मुभा मात्र दोन्ही विद्यांना एकाच दिवशी तराजूत घालते, आणि यंत्र केव्हा लावावे हे ठरवताना स्पर्धकाला पुन्हा ऊन, वारा आणि पाणी यांचा विचार करावा लागतो. स्पर्धेबाहेरच्या सामान्य गळवाल्यावर बंदीचा हुकूम काढण्याची घाई मात्र करू नये. त्याच्यापुरता प्रश्न कोणते यंत्र वापरले हा नसून किती मासे घरी नेले हा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जलाशयाची शिरगणती करून माशांची संख्या व लांबी यांच्या मर्यादा ठरवण्याचा अधिकार तेथील संस्थानांच्या मत्स्यखात्यांकडे पूर्वीपासून आहे. तो त्यांनी वापरावा.